दडलेल्या माणसांची मोजदाद

शितावरून भाताची परीक्षा करावी, असें म्हणतात. आणि स्वयंपाकघरांत तें खरेंहि आहे. पातेल्यांतील भात एकाच आंचेवर, एकाच पाण्यांत शिजलेला असतो. म्हणून वरचें एक शीत दाबून पाहिलें कीं साऱ्या पातेल्याची स्थिति कळते. समाजाचें पातेलें मात्र असें सारखें शिजत नाहीं. त्यांत कांहीं शितें वर येतात, कांहीं तळाशीं लागून राहतात, आणि पळी कितीहि फिरविली तरी तळचीं शितें सहसा तिच्यांत येत नाहींत. सार्वजनिक आरोग्याचें काम करणाऱ्यांना पुष्कळदां नेमकें ह्या तळच्या शितांचेंच वर्तमान हवें असतें. तें मिळविण्याचे जे निरनिराळे मार्ग निघाले आहेत, त्यांपैकीं कोणता मार्ग कोणापर्यंत पोंचतो आणि कोणाला चुकवून पुढें जातो, हें पाहण्यासारखें आहे.

मराठींत उपदंश, परमा इत्यादि रोगांना ‘गुप्तरोग’ हें नांव फार दिवसांपासून रूढ आहे. ज्यानें कोणीं हा शब्द प्रथम योजिला, त्यानें निम्में आरोग्यशास्त्र एका शब्दांत सांगून टाकलें, असेंच म्हटलें पाहिजे. रोग गुप्त, रोगी गुप्त, आणि ज्यांच्यापासून तो आला व ज्यांच्याकडे तो जाईल तीं माणसेंहि गुप्त. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून हा पडदा दूर करण्याचा यत्न केला, आणि त्यापायीं खटलेहि सोसले. पडदा थोडा हलला, परंतु गेला नाहीं. पुढें १९८६ सालीं मद्रास येथें देहविक्रय करणाऱ्या कांहीं स्त्रियांच्या रक्तांत एच. आय. व्ही. चा विषाणु भारतांत प्रथमच आढळला, आणि पडद्यामागें काय चाललें आहे हें जाणण्याची निकड एकाएकीं वाढली. औषधें किती मागवावयाचीं, दवाखाना कोणत्या जिल्ह्यांत उघडावयाचा, पैसा कोणाकडे आधीं पोंचवावयाचा, हें सारें एका साध्या दिसणाऱ्या आंकड्यावर अवलंबून असतें: अमुक एका गटांतील शंभर माणसांत बाधा झालेलीं किती?

असा आंकडा काढण्याची शास्त्रशुद्ध रीत सांख्यिकांना चांगली ठाऊक आहे. १९३० नंतरच्या दशकांत प्रशांतचंद्र महालनोबीस यांनीं बंगालमधील तागाच्या पिकाचा अंदाज काढतांना तीच वापरली. आणि सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं जन्मलेल्या पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनीं १९४० नंतरच्या दशकांत गहूं व भात यांच्या कापणीच्या प्रयोगांतहि तीच वापरली. सारीं शेतें मोजावयाचीं नाहींत. चिठ्ठ्या टाकाव्या तशीं थोडींच शेतें निवडावयाचीं आणि तेवढींच काटेकोरपणें मोजावयाचीं. ह्या रीतीला अट एकच. चिठ्ठ्या टाकण्यापूर्वीं साऱ्या शेतांची यादी हातीं असली पाहिजे. शेतांची यादी असते; जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला तलाठ्याच्या दप्तरांत क्रमांक असतो. परंतु देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचा, पुरुषांशीं संबंध ठेवणाऱ्या पुरुषांचा, तृतीयपंथीयांचा, किंवा मादक द्रव्यें सुईनें टोंचून घेणाऱ्यांचा सातबारा कोणत्या तलाठ्यानें ठेवावा? आणि कोणी ठेवूं म्हटलें, तर त्यांत आपलें नांव कोण घालूं देईल?

घरोघर जाऊन विचारावें, असें सुचणें साहजिक आहे. ब्रिटनमध्यें १९९०-९१ सालीं ह्याच रीतीनें १८,८७६ स्त्रीपुरुषांची पाहणी झाली. सरकारनें १९८९ सालीं पैसा देण्याचें नाकारलें, तेव्हां वेलकम ट्रस्ट ह्या संस्थेनें तो दिला. पाहणी नमुनेदार झाली. तथापि गेल्या वर्षभरांत पुरुषाशीं संबंध आल्याचें सांगणारे पुरुष तींत शेंकडा सुमारें एकच निघाले. इतक्या थोड्या माणसांवरून त्या गटाविषयीं बारकाईनें कांहीं सांगणें कठीण. शिवाय दारांत उभ्या राहिलेल्या परक्या माणसाला, आंत घरचीं माणसें वावरत असतांना, कितीजण खरें सांगतील हा प्रश्न राहतोच.

म्हणून बहुतेक देशांनीं दुसरा मार्ग धरला. जीं माणसें आपल्या पायांनीं दवाखान्यांत येतात, त्यांच्यावरून अंदाज बांधावयाचा. भारतांत १९९८ पासून जी नियमित पाहणी सुरू झाली ती ह्याच धर्तीची. कांहीं ठरीव केंद्रें पहारेकऱ्यांसारखीं निवडावयाचीं. गरोदर स्त्रियांच्या तपासणीच्या केंद्रांत ठराविक मुदतींत ओळीनें येणाऱ्या ४०० जणींचें रक्त, त्यावरील नांव काढून टाकून, तपासावयाचें. आणि अधिक जोखमीच्या गटांसाठीं अशाच दुसऱ्या केंद्रांवर २५० जणांचें तपासावयाचें. काम स्वस्त, दरसाल करतां येण्याजोगें, आणि वर्षावर्षांची तुलना करण्यास सोयीचें.

परंतु दवाखान्याचें दार सर्वांना सारखें उघडें नसतें, आणि सर्वांनाच त्याची सारखी गरजहि नसते. ह्या एका गोष्टीनें भारताचा आंकडा केवढा हलविला, हें २००७ सालीं दिसून आलें. त्यापूर्वींच्या सरकारी अंदाजाप्रमाणें देशांत बाधा झालेलीं माणसें सुमारें ५२ लक्ष होतीं. नवीन हिशेबानें तीं सुमारें २५ लक्ष ठरलीं. रोग एका वर्षांत निम्मा झाला नव्हता. पाहण्याचें दार बदललें होतें. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत एक लक्षाहून अधिक लोकांचें रक्त घरोघर जाऊन तपासण्यांत आलें होतें, आणि १५ ते ४९ वर्षांच्या वयांत बाधेचें प्रमाण शेंकडा ०.२८ इतकेंच निघालें होतें. पहारा-केंद्रांची संख्याहि त्या सुमारास वाढविण्यांत आली होती. सरकारी रुग्णालयांतील आंकडा फुगतो कसा, ह्याचा उलगडा आंध्रांतील गुंटूर जिल्ह्याच्या एका पाहणीनें आधींच केला होता. तेथें गरीब स्त्रिया सरकारी रुग्णालयांत अधिक जात. आणि ज्यांना बाधा असल्याचें कळे, त्यांना खासगी डॉक्टर तिकडेच पाठवीत. म्हणजे पळी नेमकी ज्या बाजूस शितें गोळा झालीं होतीं त्या बाजूसच बुडविली जात होती.

घरोघरच्या पाहणीला मात्र ह्यावरून निर्दोष मानूं नये. ती घरांत राहणाऱ्यांना मोजते. कुंटणखाना, लॉज, फुटपाथ, मालमोटारींचा तळ येथें तिची पायरी लागत नाहीं. ज्यांच्यासाठीं हा सारा खटाटोप, तींच माणसें तिच्या हिशेबाबाहेर राहतात.

अशा माणसांकडे स्वतः चालत जाण्याची जी रीत आहे, तिला स्थळकाळाची रीत म्हणतां येईल. प्रथम शहरांतील अशा गटाच्या भेटीगाठींच्या जागा टिपावयाच्या: बागेचा एखादा कोपरा, रेल्वेस्टेशनाबाहेरची पट्टी, एखादें मद्यगृह, हमरस्त्यावरील ढाबा. मग प्रत्येक जागेवर कोणत्या वारीं, किती ते किती वाजेपर्यंत माणसें येतात तें लिहावयाचें. ‘अमुक बाग, शुक्रवार, सायंकाळीं ७ ते ११’ असा प्रत्येक तुकडा म्हणजे एक शेत समजावयाचें, आणि त्यांतून चिठ्ठ्या टाकावयाच्या. माणसांची यादी नाहीं, तर जागा व वेळ यांची यादी करावयाची, ही युक्ति खरोखर सुरेख आहे. ठरलेल्या वेळीं कार्यकर्ते तेथें जातात, येणाऱ्यांना मोजतात आणि क्रमाक्रमानें एकेकाला विचारतात. अमेरिकेंत २००३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय पाहणींत पुरुषांशीं संबंध ठेवणाऱ्या पुरुषांसाठीं हीच रीत स्वीकारली गेली. भारतांतहि २००५-०७ व २००९-१० ह्या दोन फेऱ्यांत महाराष्ट्रासह सहा राज्यांत जी मोठी पाहणी झाली, तींत ही रीत होती. महाराष्ट्रांतील काम पुण्याजवळ भोसरी येथील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेनें पाहिलें. मुंबईंत कुंटणखान्यांत राहणाऱ्या स्त्रिया आणि रस्त्यावर गिऱ्हाईक शोधणाऱ्या स्त्रिया यांची पाहणी वेगवेगळी करण्यांत आली, तें योग्यच होतें. एकीचा पत्ता ठरलेला, दुसरीची फक्त वेळ ठरलेली. दोघींना एका जाळ्यांत धरूं पाहणें व्यर्थ.

ह्या रीतीचा दोष तिच्या नांवांतच आहे. जो त्या स्थळीं येतच नाहीं, तो तिच्या लेखीं अस्तित्वांतच नाहीं. विवाहित, घरंदाज, ओळखला जाण्याच्या भीतीनें बागेकडे न फिरकणारा पुरुष तिला सांपडत नाहीं. आणि आतां स्थळेंच ओस पडूं लागलीं आहेत. कामाठीपुऱ्यांतील वस्ती आटत गेली; मोबाइल फोन आल्यावर पुष्कळ स्त्रियांचें काम नाक्यावरून फोनवर गेलें. फोनच्या पडद्यावर पाळत ठेवून उभें राहण्यास कार्यकर्त्याला पदपथ कोठला?

जेथें परका माणूस पोंचत नाहीं, तेथें ओळखीचा पोंचतो. ह्या रोजच्या अनुभवावर तिसरी रीत उभी आहे. तिचें जुनें रूप म्हणजे एकाला गांठावें, त्यानें दुसऱ्याचें नांव सांगावें, दुसऱ्यानें तिसऱ्याचें. उतारावरून घरंगळणारा बर्फाचा गोळा मोठा होत जावा तसा नमुना वाढावा. पाश्चात्यांनीं तिला नांवहि तेंच दिलें. लिओ गुडमन यांनीं १९६१ सालीं तिचें गणित मांडलें. मराठी घरांत बर्फाचा गोळा परिचयाचा नाहीं. हळदीकुंकवाचें बोलावणें आहे. एकीनें दुसरीला सांगावें, दुसरीनें तिसरीला, आणि संध्याकाळीं पाहावें तों साऱ्या एकाच आळीच्या, एकाच बेताच्या सधन घरांतल्या! पलीकडच्या आळीला बोलावणें गेलेंच नाहीं, असें कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. शिवाय ह्या रीतींत माणसाला दुसऱ्याचें नांव सांगावें लागतें. आणि नांव सांगणें हा येथें लहानसहान अपराध नव्हे.

अमेरिकेंतील समाजशास्त्रज्ञ डग्लस हेकथॉर्न यांनीं १९९७ सालीं ह्या दोन्ही दोषांवर एकदम उपाय सुचविला. कनेक्टिकट राज्यांत सुईनें मादक द्रव्यें घेणाऱ्यांमध्यें काम करतांना त्यांना तो सुचला. नांव कोणी कोणाचें सांगावयाचेंच नाहीं. प्रथम आलेल्या थोड्या माणसांना, ज्यांना ‘बीज’ म्हणतात, पाहणी झाल्यावर प्रत्येकी दोन-तीन कूपनें द्यावयाचीं. रेशनच्या दिवसांत घरोघर परिचित झालेलें तें कूपन येथें अगदीं वेगळ्या कामीं आलें. कूपनावर फक्त क्रमांक असतो. ज्याला तें मिळालें त्यानें तें आपल्या ओळखीच्या, त्याच गटांतील माणसाला द्यावें. त्याला वाटलें तर तो येईल, न वाटलें तर कूपन फाडून टाकील. त्याचें नांव कोणाच्या वहींत चढणार नाहीं. आलेल्याला वेळेबद्दल थोडा मोबदला, आणि ज्यानें त्याला धाडलें त्यालाहि थोडा. कूपनें मोजकीं असल्यामुळें ज्याच्या ओळखी दांडग्या, तो एकटाच सारा नमुना भरून टाकूं शकत नाहीं. साखळी लांबत जाते, आणि पांच-सहा पिढ्या पुढें गेल्यावर ‘बीज’ कोण होतें ह्याचा प्रभाव पुष्कळसा मावळतो.

ह्यापुढची पायरी हिशेबाची. ज्याच्या ओळखी अधिक, त्याच्या हातीं कूपन येण्याचा संभवहि अधिक. म्हणून प्रत्येकाला विचारतात, ‘ह्या गटांतील किती माणसें तुमच्या ओळखीचीं आहेत?’ एकीनें पन्नास सांगितलीं, दुसरीनें पांच. पहिली सांपडण्याचा संभव दुसरीच्या दसपट. तेव्हां हिशेबांत दुसरीच्या उत्तराला पहिलीच्या दसपट वजन द्यावयाचें, म्हणजे एकलकोंड्या माणसांची बाजू पडती राहत नाहीं. वर उल्लेखिलेल्या भारतीय पाहणींत मणिपूरमधील चूडाचांदपूर व बिष्णुपूर आणि नागालँडमधील फेक व वोखा ह्या जिल्ह्यांत, सुई वापरणाऱ्यांसाठीं, हीच कूपनांची रीत योजिली होती. डोंगराळ मुलुख, विखुरलेल्या वस्त्या, आणि ज्यांना पकडण्यास पोलीस व लपविण्यास घरचे तत्पर अशीं माणसें. तेथें बाग व नाके यांची यादी करून फारसें कांहीं साधलें नसतें.

दोन्ही रीतींची समोरासमोर तुलना फार थोड्या ठिकाणीं झाली आहे. ब्राझीलमधील फोर्तालेझा शहरांत पुरुषांशीं संबंध ठेवणाऱ्या पुरुषांच्या पाहण्या बर्फाच्या गोळ्यानें, स्थळकाळानें आणि कूपनांनीं, अशा तिन्ही प्रकारें झाल्या होत्या. त्यांची तुलना २००८ सालीं प्रसिद्ध झाली. कूपनांनीं गरीब थरांतील पुरुष इतर दोन्ही रीतींपेक्षां अधिक आणले. नमुना लौकर भरला, खर्चहि कमी आला. त्या राज्यांत अशा पुरुषांपैकीं ज्यांना एड्स झाल्याची नोंद होती ते बहुसंख्य गरीबच होते. तेव्हां ज्या रीतीला गरीब दिसत नाहींत ती रीत त्या शहराच्या कामाची नव्हती, हें उघड झालें.

एवढ्यावरून कूपनांचा जयजयकार करण्यास हरकत नव्हती. आणि तो पुष्कळ ठिकाणीं झालाहि. परंतु दडलेल्या गटाचें खरें स्वरूप कोणासच ठाऊक नसतें. मग काढलेला आंकडा खऱ्याच्या किती जवळ आहे हें पाहावें कशावरून? ह्यावर युगांडांत एक नामी तोड काढण्यांत आली. तेथील पंचवीस खेड्यांत आरोग्याच्या कामासाठीं घरोघरची नोंद आधींपासूनच ठेवलेली होती. २,४०२ पुरुष कुटुंबप्रमुख, त्यांचें वय, सांपत्तिक स्थिति, सारें कागदावर होतें. संशोधकांनीं, जणुं ही यादी आपणांपाशीं नाहींच असें धरून, ह्याच कुटुंबप्रमुखांवर कूपनांची रीत चालविली, आणि मग निघालेलीं उत्तरें यादीशीं ताडून पाहिलीं. उत्तर आधीं झांकून ठेवून गणित सोडविण्याचाच हा प्रकार.

निकाल २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. ९२७ पुरुष कूपन घेऊन आले होते. नमुना ढोबळ मानानें वाईट नव्हता; तरुण आणि सुस्थितींतील पुरुष मात्र कमी आले. हें एक वेळ समजण्यासारखें आहे. थोड्या मोबदल्यासाठीं सुखवस्तु माणूस कशाला चालत येईल? खरी निराशा पुढें होती. वजनें देऊन हा कल सुधारावा म्हणून जें गणित करतात, त्यानें तो सुधारला नाहीं. वजन दिल्यावर आंकडा सत्याच्या अधिक जवळ गेला असें शंभरांतून अवघ्या ३१ ते ३७ वेळां घडलें. खरें उत्तर ज्या मर्यादांमध्यें शंभरांतून ९५ वेळां यावयास हवें, त्या मर्यादांत तें ५० ते ७४ वेळांच आलें. गोएल व साल्गानिक यांनीं २०१० सालींच इशारा दिला होता कीं, एकाच साखळींतील माणसें एकमेकांसारखीं असल्यामुळें ह्या रीतीच्या आंकड्यांतील अनिश्चितता समजली जाते त्याहून पुष्कळ अधिक असते. पाहणी कूपनांनीं करावयाची तर नमुना दुप्पट घ्यावा, असा पूर्वीं सल्ला असे. तेवढ्यानें भागत नाहीं.

म्हणून ही रीत टाकाऊ ठरत नाहीं. दुसरें कोणतेंच दार ज्यांच्यापर्यंत उघडत नाहीं, त्यांच्यापर्यंत ती पोंचते, हा तिचा गुण कोणी हिरावून घेतलेला नाहीं. तिच्या आंकड्यापुढें दशांश चिन्ह देऊन तीन-तीन स्थळांपर्यंत लिहिण्याचा मोह मात्र सोडला पाहिजे.

आंतरजालावरून, म्हणजे इंटरनेटवर जाहिरात देऊन, माणसें मिळविण्याची सर्वांत नवी रीत संख्येनें डोळे दिपवून टाकते. २०१० सालीं युरोपांतील ३८ देशांत, २५ भाषांत झालेल्या अशा एका पाहणींत १,८०,००० हून अधिक पुरुषांनीं उत्तरें दिलीं. परंतु १९३६ सालीं अमेरिकेंतील ‘लिटररी डायजेस्ट’ ह्या साप्ताहिकानें वीस लक्षांहून अधिक मतपत्रिका जमवूनहि रूझवेल्ट हरतील असें भाकित केलें होतें, आणि ते प्रचंड बहुमतानें निवडून आले, हें विसरतां येत नाहीं. ज्यांनीं स्वतः होऊन उत्तर दिलें ते केवळ पुष्कळ आहेत म्हणून सर्वांचे प्रतिनिधि होत नाहींत. ज्याच्या घरीं एकच फोन आणि तो भावाच्या हातांत, तो ह्या पाहणींत कोठून येणार?

येथवर प्रश्न अचूकपणाचा झाला. दुसरा एक प्रश्न आहे, आणि अचूकपणापायीं त्याच्याकडे डोळेझांक करणें हें पाप होय. दडलेलीं माणसें विनाकारण दडलेलीं नसतात. २००१ सालीं लखनौ येथें पुरुषांमध्यें एड्सप्रतिबंधाचें काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनाच अटक होऊन कित्येक आठवडे तुरुंगांत काढावे लागले. त्या काळीं भारतीय दंडविधानाचें ३७७ वें कलम प्रौढांच्या परस्परसंमत संबंधांनाहि लागूं होतें. सर्वोच्च न्यायालयानें ६ सप्टेंबर २०१८ रोजीं तें तेवढ्यापुरतें रद्द ठरविलें. त्याच महिन्यांत, २०१७ सालीं मंजूर झालेला एच. आय. व्ही. व एड्सविषयक कायदाहि अंमलांत आला. त्यानें तपासणीपूर्वीं संमति घेणें आणि माहिती गुप्त राखणें बंधनकारक केलें. तरीहि नाक्यावर उभ्या असलेल्या स्त्रीला वही हातांत धरलेला कार्यकर्ता आणि वही हातांत धरलेला शिपाई यांतील भेद लांबून दिसत नाहीं. स्थळकाळाच्या रीतींत बागांचा व नाक्यांचा जो नकाशा तयार होतो, तो चुकीच्या हातीं पडला तर धाडीसाठीं तयारच आहे. कूपनाच्या रीतींत असा नकाशा नसतो. परंतु तेथें पैशाचा वास लागून भलतींच माणसें गटांतलीं म्हणून येतात, आणि कूपनें विकलींहि जातात. ज्याच्या वाट्याला रोजची मजुरी नाहीं, त्यानें कूपन विकलें म्हणून त्याला दोष देणें सोपें. मोबदला इतकाच ठेवावा कीं येण्याजाण्याचें भागेल आणि विकण्याजोगें कांहीं उरणार नाहीं, हें ठरविणें कठीण.

म्हणून अनुभवी लोक पाहणीस आरंभ करण्यापूर्वीं कांहीं आठवडे केवळ ऐकण्यांत घालवितात. त्या गटांतील माणसें एकमेकांना ओळखतात कीं टाळतात? ओळखत असतील तर कूपन फिरेल. टाळत असतील तर तें पहिल्याच हातांत राहील. एखाद्या ठिकाणीं तीं नित्य जमतात काय? जमत असतील तर स्थळकाळाची रीत निवडावी. एकदां निवडलेली रीत पुढच्या फेरींत, सबळ कारणावांचून, बदलूं नये. नाहीं तर बाधा वाढली, कीं दुसऱ्याच थरांतील माणसें मोजलीं गेलीं, हें कोणासच सांगतां यावयाचें नाहीं. बदलणें भागच असेल, तर एका फेरींत दोन्ही रीती शेजारीं शेजारीं चालवून त्यांतील अंतर मोजून ठेवावें. आणि कूपन घेऊन यावयाची खोली कोठें असावी, ती किती वाजतां उघडावी, हें त्या गटांतल्याच कोणाला विचारावें. रात्रभर जागलेल्या स्त्रीला सकाळीं दहाची वेळ दिली, किंवा खोली पोलीसचौकीसमोर घेतली, तर उत्तम छापलेलीं कूपनें शहरभर पसरतील आणि खोलींत कोणीहि यावयाचें नाहीं.